बंधाचे शब्द पाठ करण्याआधी इलेक्ट्रॉन मोजा

अकरावीच्या पहिल्या चाचणीत मी दरवर्षी एक प्रश्न घालतो: मिठाच्या एका रेणूत किती अणू असतात? बहुतेकांचं उत्तर येतं, ‘दोन. एक सोडिअमचा, एक क्लोरीनचा.’ त्याच उत्तरपत्रिकेत वर आयनिक बंधाची व्याख्या अगदी बिनचूक लिहिलेली असते. व्याख्या तोंडपाठ आहे, तरी मिठात रेणू नसतोच हे ध्यानात आलेलं नाही. यात मुलांचा आळस नसतो. एकेक शब्द सुटा शिकवला जातो आणि सगळ्यांना ओवणारा धागा हातात येतच नाही.

तो धागा म्हणजे एक प्रश्न: इलेक्ट्रॉन आत्ता कुठे आहेत? एका अणूकडून दुसऱ्याकडे गेले, दोघांच्या मध्ये राहिले, की सगळ्या अणूंत मोकळे फिरताहेत? अष्टक, आयनिक, सहसंयुज, एकाकी जोडी, ध्रुवीय हे सारे शब्द याच प्रश्नाच्या उत्तरांतून निघतात. त्यामुळे ते ज्या क्रमाने निघतात त्याच क्रमाने शिकावेत. जवळ वही, पेन्सिल, खोडरबर आणि आवर्तसारणी असू द्या, आणि वाचता वाचता पेन्सिल चालू ठेवा.

आधी तीन शब्दांची गल्लत मिटवा

संयुजा कवच, संयुजा इलेक्ट्रॉन आणि संयुजा. हे तीन शब्द एकमेकांच्या जागी वापरले की पुढचं सगळं गणित चुकतं. अणूचं सर्वांत बाहेरचं कवच म्हणजे संयुजा कवच. त्या कवचात असलेले इलेक्ट्रॉन म्हणजे संयुजा इलेक्ट्रॉन. आणि बंध तयार करताना अणू जितके इलेक्ट्रॉन देतो, घेतो किंवा भागीदारीत घालतो, ती संख्या म्हणजे संयुजा.

ऑक्सिजन घ्या. अणुअंक ८, इलेक्ट्रॉन संरूपण (कवचांतली इलेक्ट्रॉनांची मांडणी) २, ६. संयुजा इलेक्ट्रॉन ६, पण संयुजा २. नायट्रोजनचं संरूपण २, ५. संयुजा इलेक्ट्रॉन ५, संयुजा ३. क्लोरीनचं २, ८, ७. संयुजा इलेक्ट्रॉन ७, संयुजा १. सोडिअममध्ये मात्र दोन्ही आकडे १ येतात. वर्गात पहिलं उदाहरण सोडिअमचं घेतात, म्हणून दोन्ही गोष्टी एकच आहेत असं मुलांच्या मनात बसून जातं.

हायड्रोजनपासून कॅल्शिअमपर्यंत पहिल्या २० मूलद्रव्यांची यादी करा. त्यापुढे तीन रकाने आखा: संरूपण, संयुजा इलेक्ट्रॉन, संयुजा. पुस्तक बंद ठेवून भरा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणात याहून मोलाचा अर्धा तास दुसरा नाही.

‘संयुजा’ हा शब्दही एकदा नीट न्याहाळा. त्यात ‘युज्’ आहे, म्हणजे जोडणं. योग आणि संयोग हे शब्द तिथूनच आले. जोडलं जाण्याची क्षमता ती संयुजा. शब्दातच अर्थ ठेवलेला आहे, तो वापरा.

अष्टक, द्विक आणि अणू जोडले का जातात

निऑन, अरगॉन यांच्या बाहेरच्या कवचात ८ इलेक्ट्रॉन असतात आणि ते सहसा कुणाशी संयोग करत नाहीत. १९१६ साली अमेरिकेत गिल्बर्ट लुईस आणि जर्मनीत वाल्थर कोसेल या दोघांनी, एकमेकांपासून दूर राहून, याच निरीक्षणावर बंधाची कल्पना उभी केली: राजवायूंसारखं संरूपण मिळेल अशा रीतीने अणू इलेक्ट्रॉनांची देवघेव किंवा भागीदारी करतात. कोसेलचा भर देवघेवीवर होता, लुईसचा भागीदारीवर. ८ इलेक्ट्रॉनांची पूर्ण स्थिती म्हणजे अष्टक. हायड्रोजन आणि हेलिअम यांच्या पहिल्या कवचात दोनच मावतात, म्हणून तिथे द्विक.

‘अणूला अष्टक पूर्ण करायचं असतं’ असं आपण बोलून जातो. बोलायला हरकत नाही, पण उत्तरात तेच कारण म्हणून लिहू नका. अणूला इच्छा नसते. दोन अणू जवळ आल्यावर त्यांची एकत्रित ऊर्जा सुट्या अणूंपेक्षा कमी होत असेल, तर बंध तयार होतो. हायड्रोजनचे दोन अणू एकमेकांकडे सरकू लागले की एका अणूचं केंद्रक दुसऱ्याच्या इलेक्ट्रॉनला ओढतं आणि ऊर्जा उतरत जाते. फार जवळ आले की दोन्ही केंद्रकं एकमेकांना ढकलतात आणि ऊर्जा पुन्हा चढते. सर्वांत कमी ऊर्जेची जागा ७४ पिकोमीटर अंतरावर सापडते. हे अंतर म्हणजे बंधलांबी. त्या खळग्यातून दोन्ही अणूंना पुन्हा सुटं करायला प्रति मोल ४३६ किलोज्यूल मोजावे लागतात. ही झाली बंध ऊर्जा.

इथे एक चूक मुळापासून काढून टाकावी लागते. ‘बंध तुटला की ऊर्जा मिळते’ हे वाक्य जीवशास्त्राच्या वर्गातून आलेलं असतं आणि ते घट्ट चिकटतं. बंध तोडायला नेहमी ऊर्जा द्यावी लागते आणि बंध तयार होताना ती बाहेर पडते. जळणाऱ्या गॅसची उष्णता मिथेनचे बंध तुटल्यामुळे मिळत नाही. त्यानंतर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यात जे बंध तयार होतात ते अधिक मजबूत असतात. त्या जमाखर्चातली शिल्लक आपल्या शेगडीवर येते.

आयनिक बंध: मिठाचा हिशेब

सोडिअम एक इलेक्ट्रॉन देतो आणि धन आयन, म्हणजे धन प्रभार असलेला अणू, होतो. क्लोरीन तो घेतो आणि ऋण आयन होतो. विरुद्ध प्रभारांमधलं आकर्षण म्हणजे आयनिक बंध. जुन्या पुस्तकांत यालाच विद्युतसंयुज बंध म्हटलेलं सापडेल, गोष्ट तीच.

आता आकडे मांडू, कारण इथेच खरी गंमत आहे. वायुरूप सोडिअमच्या अणूतून इलेक्ट्रॉन काढायला प्रति मोल ४९६ किलोज्यूल लागतात. ही आयनन ऊर्जा. क्लोरीनच्या अणूने तो घेतला की ३४९ किलोज्यूल परत मिळतात. म्हणजे नुसत्या देवघेवीत १४७ किलोज्यूलचा तोटा! ‘सोडिअमला इलेक्ट्रॉन द्यायला आवडतं’ हे वाक्य इथे उघडं पडतं. शिवाय घन सोडिअमचे अणू सुटे करायला सुमारे १०७ आणि क्लोरीनच्या रेणूतून एक मोल अणू मिळवायला सुमारे १२१ किलोज्यूल लागतात. एकूण खर्च ३७५.

मग मीठ तयार होतं कसं? सुटे आयन एकत्र येऊन स्फटिक रचतात तेव्हा प्रति मोल ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. याला जालक ऊर्जा म्हणतात. ७८७ मधून ३७५ वजा करा: ४१२ किलोज्यूल नफा. प्रयोगात मोजलेली मिठाची निर्मिती उष्णता ४११ च्या आसपास आहे. हा हिशेब एकदा स्वतःच्या हाताने मांडा, मग आयनिक बंधाचं श्रेय इलेक्ट्रॉनच्या देवघेवीला न जाता स्फटिकाला का जातं ते कायमचं कळेल.

त्या स्फटिकात प्रत्येक सोडिअम आयनाभोवती ६ क्लोराइड असतात आणि प्रत्येक क्लोराइडभोवती ६ सोडिअम. यातला कुठला सोडिअम कुठल्या क्लोराइडचा, हे सांगताच येत नाही. सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. मिठाला रेणू नाही. आपण लिहितो ते सूत्र फक्त प्रमाण सांगतं, एकास एक. त्याला सूत्र एकक म्हणा.

हे चित्र डोळ्यांपुढे असलं की गुणधर्म पाठ करावे लागत नाहीत. खडे मीठ खलबत्त्यात घालून एक घाव द्या. ते चपटं होत नाही, सपाट पृष्ठभाग सोडत फुटतं. घाव बसला की आयनांचा थर एका जागेने सरकतो, धनासमोर धन आणि ऋणासमोर ऋण येतं, आणि थर एकमेकांना ढकलून देतात. द्रवणांक ८०१ अंश सेल्सिअस, कारण आकर्षण सगळ्या बाजूंनी आहे. घन मिठातून वीज वाहत नाही, कारण आयन जागेवर जखडलेले आहेत. वितळलेल्या मिठातून किंवा मिठाच्या पाण्यातून वाहते, कारण तिथे ते हलू शकतात. मॅग्नेशिअम ऑक्साइडमध्ये दोन्ही आयनांवर दुप्पट प्रभार, म्हणून त्याचा द्रवणांक २८०० अंशांच्याही वर.

सूत्र लिहिताना संयुजांची अदलाबदल करतात ती युक्ती ठीक आहे, पण तिचं कारण सांगता आलं पाहिजे. अॅल्युमिनिअम ३ इलेक्ट्रॉन देतो, ऑक्सिजन २ घेतो. दिलेले आणि घेतलेले सारखे व्हायचे तर २ अॅल्युमिनिअम आणि ३ ऑक्सिजन हवेत: ६ दिले, ६ घेतले.

सहसंयुज बंध आणि लुईसची ठिपक्यांची आकृती

कार्बनचे ४ इलेक्ट्रॉन काढून घेणं किंवा त्याला आणखी ४ देणं, दोन्ही फार महाग. अशा वेळी भागीदारी होते. दोन अणूंनी इलेक्ट्रॉनांची जोडी सामाईक वापरली की सहसंयुज बंध. त्याला ‘कोव्हॅलंट’ हे नाव आयर्विंग लँगम्यूर यांच्या १९१९ सालच्या लिखाणातून रूढ झालं. आपल्या शब्दातलं ‘सह’ भागीदारीच सांगतं.

बंधात असलेली जोडी ती बंधक जोडी. संयुजा कवचात असूनही बंधात न गेलेली ती एकाकी जोडी, म्हणजे लोन पेअर. एका जोडीचा एकेरी बंध, दोन जोड्यांचा दुहेरी, तीन जोड्यांचा तिहेरी.

लुईसच्या आकृतीत एक ठिपका म्हणजे एक संयुजा इलेक्ट्रॉन. ती काढायची रीत मी कार्बन डायऑक्साइडवर दाखवतो. कागदावर सोबत काढा.

पहिलं काम, एकूण संयुजा इलेक्ट्रॉन मोजा. कार्बनचे ४, दोन ऑक्सिजनचे ६ आणि ६. एकूण १६. हा आकडा कोपऱ्यात लिहून त्याभोवती गोल करा. शेवटी आकृतीत बरोबर इतकेच हवेत, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. आयन असेल तर ऋण प्रभाराइतके मिळवा, धन प्रभाराइतके वजा करा. निम्म्या चुका हे विसरल्यामुळे होतात.

मग सांगाडा मांडा. ज्याची विद्युतऋणता (बंधातली जोडी स्वतःकडे ओढण्याची क्षमता) कमी तो सहसा मध्ये. हायड्रोजन कधीच मध्ये नाही. इथे कार्बन मध्ये. दोन्ही बाजूंना एकेक बंध जोडा. ४ इलेक्ट्रॉन खर्च झाले, १२ उरले. ते आधी कडेच्या अणूंना वाटा: प्रत्येक ऑक्सिजनला ६. वाटप संपलं, ऑक्सिजनांची अष्टकं पूर्ण, पण कार्बनकडे फक्त ४.

इथे मुलं हमखास कार्बनवर ४ ठिपके वाढवतात. थांबा आणि गोलातला १६ बघा. नवे इलेक्ट्रॉन आणायचे नाहीत. ऑक्सिजनवरची एकाकी जोडी मध्ये सरकवून बंधक जोडी करा, दोन्ही बाजूंनी एकेक. आता कार्बनभोवती ८ झाले आणि आकृती मिळाली: ओ = सी = ओ.

पण एका बाजूला तिहेरी आणि दुसऱ्या बाजूला एकेरी बंध काढला तरी सगळ्यांची अष्टकं पूर्ण होतात. मग तो का नाही? याचं उत्तर देणारा शब्द म्हणजे औपचारिक प्रभार. अणूचे मूळ संयुजा इलेक्ट्रॉन घ्या, त्यातून एकाकी इलेक्ट्रॉन वजा करा, मग त्या अणूचे बंध वजा करा. दोन्हीकडे दुहेरी बंध असताना ऑक्सिजनचं येतं ६ वजा ४ वजा २, म्हणजे शून्य. कार्बनचं ४ वजा ४, शून्य. दुसऱ्या आकृतीत तिहेरी बंधाच्या ऑक्सिजनवर ६ वजा २ वजा ३, म्हणजे अधिक १, आणि एकेरीवाल्यावर ६ वजा ६ वजा १, म्हणजे उणे १. प्रभार कमीत कमी असलेली आकृती वास्तवाच्या जास्त जवळ असते, म्हणून पहिली निवडायची.

हीच रीत आता ओझोनवर चालवा. तीन ऑक्सिजन, एकूण १८ इलेक्ट्रॉन. एक दुहेरी आणि एक एकेरी बंध येईल. पण दुहेरी डावीकडे की उजवीकडे? दोन्ही आकृत्या तितक्याच योग्य. प्रत्यक्ष मोजमापात ओझोनचे दोन्ही बंध अगदी सारखे, सुमारे १२८ पिकोमीटरचे निघतात. ऑक्सिजन वायूच्या दुहेरी बंधाहून (१२१) लांब, हायड्रोजन पेरॉक्साइडमधल्या एकेरी बंधाहून (सुमारे १४७) आखूड. याला रेझोनन्स म्हणतात. रेणू या दोन आकृत्यांमध्ये आलटून पालटून उड्या मारत नाही. तो सतत एकाच रूपात असतो. ते रूप एका आकृतीत मांडायला आपली ठिपक्यांची भाषा अपुरी पडते, म्हणून दोन काढतो.

भागीदारीचा आणखी एक प्रकार आहे. अमोनियाच्या नायट्रोजनवर एक एकाकी जोडी असते. जवळ एक हायड्रोजन आयन आला, ज्याच्याकडे इलेक्ट्रॉनच नाही, तर नायट्रोजन दोन्ही इलेक्ट्रॉन आपल्याच खिशातून घालून बंध बांधतो. हा कोऑर्डिनेट बंध. काही पुस्तकांत त्यालाच डेटिव्ह म्हणतात. तयार झाला तो अमोनिअम आयन: ५ अधिक ४ वजा १, एकूण ८ इलेक्ट्रॉन, चार बंध. बंध झाल्यावर त्या चौघांतला नवा कोणता, हे ओळखता येत नाही. नाव फक्त बंध कसा तयार झाला ते सांगतं, तो आता कसा आहे ते नाही.

बंधाची लांबी आणि ताकद

कार्बन–कार्बन एकेरी बंध १५४ पिकोमीटर, दुहेरी १३४, तिहेरी १२०. ऊर्जा अनुक्रमे साधारण ३४८, ६१४ आणि ८३९ किलोज्यूल प्रति मोल. बंधांची संख्या वाढली की लांबी घटते, ताकद वाढते. पण ३४८ ची दुप्पट ६९६ होते, ६१४ नाही. दुहेरी बंधातला दुसरा बंध पहिल्याइतका पक्का नसतो. पहिला सिग्मा (σ) बंध: कक्षक, म्हणजे अणूत इलेक्ट्रॉन सापडण्याच्या जागा, समोरासमोर एकमेकांत शिरतात. दुसरा पाय (π) बंध: ते बाजूबाजूने टेकतात, म्हणून पकड सैल. दुहेरी बंधाचं इथिलीन ब्रोमिनशी चटकन अभिक्रिया करतं आणि एकेरी बंधाचं इथेन करत नाही, त्याचं मूळ या सैल पकडीत आहे.

नायट्रोजनच्या रेणूतला तिहेरी बंध ९४५ किलोज्यूलचा. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असूनही पिकाला तो थेट घेता येत नाही, तो याच बंधामुळे. अलिबागजवळ थळला खतासाठी अमोनिया बनवतात, तिथे किंवा जगात कुठेही, या एका बंधाला नमवण्यासाठी लोहाचं उत्प्रेरक, ४०० ते ५०० अंश तापमान आणि प्रचंड दाब लागतो. शेतकऱ्याच्या गोणीतल्या युरियाच्या किमतीत हा बंधही मोजलेला असतो.

विद्युतऋणता आणि ध्रुवीयता

भागीदारी नेहमी समान नसते. बंधातली जोडी स्वतःकडे ओढण्याची अणूची क्षमता म्हणजे विद्युतऋणता. लायनस पॉलिंग यांनी १९३२ मध्ये तिला आकडे दिले. फ्लोरिन ३.९८, ऑक्सिजन ३.४४, क्लोरीन ३.१६, नायट्रोजन ३.०४, कार्बन २.५५, हायड्रोजन २.२०, सोडिअम ०.९३. हे सात पाठ असू द्या. एवढ्यावर बारावीपर्यंत निभावतं.

इलेक्ट्रॉन आसक्ती हा वेगळा शब्द आहे. एकट्या, वायुरूप अणूने इलेक्ट्रॉन घेतल्यावर सुटणारी ती ऊर्जा, आणि ती किलोज्यूलमध्ये मोजता येते. विद्युतऋणता बंधात असलेल्या अणूची, आणि तिला एकक नाही. फरक पटवायला हे उदाहरण पुरे: विद्युतऋणता फ्लोरिनची जास्त, पण इलेक्ट्रॉन आसक्ती क्लोरीनची (३४९, फ्लोरिनची ३२८). फ्लोरिनचा अणू इतका लहान, की आधीच दाटी असलेल्या कवचात नवा इलेक्ट्रॉन घुसताना ढकलला जातो.

दोन अणूंच्या विद्युतऋणतेतला फरक १.७ हून जास्त असेल तर बंध आयनिक, असा नियम शिकवतात. तो अंदाजापुरताच वापरा. हायड्रोजन फ्लोराइडमध्ये फरक १.७८ येतो, तरी ते रेणूंचं बनलेलं आहे आणि १९.५ अंशांना उकळतं. सोडिअम हायड्राइडमध्ये फरक फक्त १.२७, तरी तो आयनिक स्फटिक आहे. शुद्ध आयनिक आणि शुद्ध सहसंयुज ही दोन टोकं. बहुतेक बंध मधल्या उतारावर कुठेतरी असतात.

असमान भागीदारीत एका टोकाला थोडा ऋण, दुसऱ्याला थोडा धन प्रभार येतो. तो ध्रुवीय बंध. मात्र बंध ध्रुवीय असले म्हणजे रेणू ध्रुवीय असतोच असं नाही, आणि परीक्षेत सर्वांत जास्त गुण इथे जातात. कार्बन डायऑक्साइडचे दोन्ही बंध ध्रुवीय आहेत, पण रेणू सरळ रेषेत आहे. दोन सारखी माणसं दोर विरुद्ध दिशांना ओढत असावीत तसं. दोर जागचा हलत नाही. त्याचा द्विध्रुव आघूर्ण, म्हणजे रेणूच्या ध्रुवीयतेचं माप, शून्य. पाण्याचा रेणू वाकलेला, म्हणून ओढ एका बाजूला शिल्लक राहते: १.८५ डिबाय (डिबाय हे त्या मापाचं एकक).

म्हणजे आकार माहीत असल्याशिवाय ध्रुवीयता सांगता येत नाही, आणि आकारासाठी एकाकी जोड्या लागतात. मिथेन, अमोनिया, पाणी या तिघांत मधल्या अणूभोवती चार जोड्याच आहेत. मिथेनमध्ये चारही बंधक, कोन १०९.५ अंश. अमोनियात एक एकाकी, कोन १०७. पाण्यात दोन एकाकी, कोन १०४.५. एकाकी जोडी एकाच केंद्रकाच्या ताब्यात असते, त्यामुळे जास्त ऐसपैस पसरते आणि बंधक जोड्यांना रेटते. मधल्या अणूसाठी मातीचा गोळा आणि हायड्रोजनांसाठी शेंगदाणे घेऊन, ते आगकाड्यांनी जोडून हे तीन आकार करून बघा. कागदावर सपाट काढलेला मिथेन पाहून त्याचा कोन ९० अंश वाटतो, तो गैरसमज हातात घेतल्यावरच जातो.

संकरणाकडे, म्हणजे अणूचे कक्षक मिसळून नवे सारखे कक्षक होतात या कल्पनेकडे, इथे पोचल्यावर वळा, आधी नाही. आधी आकृती, मग जोड्यांची मोजणी, मग आकार. संकरणाचा प्रकार त्यातून आपोआप येतो. चार दिशा असतील तर एसपी३, तीन असतील तर एसपी२, दोन असतील तर एसपी.

रेणूच्या आत आणि रेणूंच्या मध्ये

पाणी उकळताना कोणता बंध तुटतो? ‘हायड्रोजन आणि ऑक्सिजनमधला’ असं लिहिलंत, तर पातेल्यातून वाफेऐवजी ते दोन वायू निघत आहेत असा त्याचा अर्थ होतो. रेणूच्या आतला तो बंध सरासरी ४६३ किलोज्यूलचा आहे आणि उकळताना जसाच्या तसा राहतो. सुटतात ते रेणूंच्या मधले हायड्रोजन बंध, साधारण २० किलोज्यूलचे.

नायट्रोजन, ऑक्सिजन किंवा फ्लोरिनला जोडलेला हायड्रोजन शेजारच्या रेणूतल्या अशाच अणूच्या एकाकी जोडीकडे ओढला जातो, तो हायड्रोजन बंध. नाव फसवं आहे; हायड्रोजन वायूतल्या दोन अणूंमधल्या बंधाशी त्याचा संबंध नाही. त्याचं महत्त्व पाहायचं तर पाण्याला हायड्रोजन सल्फाइडशेजारी ठेवा. त्याचा रेणू पाण्याहून जड, तरी तो उणे ६० अंशांना उकळतो आणि पाणी १०० अंशांना. माठातलं पाणी झिरपून उडताना जी उष्णता घेऊन जातं, तिचा मोठा भाग हे बंध सोडवण्यातच खर्च होतो.

धातू बंध, आणि जिथे अष्टक चालत नाही

पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत तांब्याचा पत्रा ठोकून भांडं घडवतात, वर मठारकामाच्या खुणा उमटवतात. हजारो घाव बसूनही तांबं फुटत नाही. खलबत्त्यातलं मीठ एका घावात फुटलं होतं. फरक पुन्हा इलेक्ट्रॉन कुठे आहेत त्यात आहे. तांब्यात संयुजा इलेक्ट्रॉन कुणा एका अणूचे राहत नाहीत, सगळ्या धन आयनांमध्ये मोकळे पसरतात. थर सरकला तरी नव्या जागी तेच इलेक्ट्रॉन त्याला सांभाळतात. वीज वाहते तीही यांच्यामुळे.

अष्टकाला अपवाद आहेत आणि ते लाजिरवाणे मानू नका. बोरॉन ट्रायफ्लोराइडमध्ये बोरॉनभोवती ६ इलेक्ट्रॉन, फॉस्फरस पेंटाक्लोराइडमध्ये फॉस्फरसभोवती १०, सल्फर हेक्साफ्लोराइडमध्ये १२. नायट्रिक ऑक्साइडमध्ये एकूण ११, विषम. सगळ्यांच्या जोड्या लागूच शकत नाहीत. १९६२ मध्ये नील बार्टलेट यांनी झेनॉनचं संयुग बनवलं, तेव्हा ‘निष्क्रिय’ हा शब्दसुद्धा ढिला पडला. द्रव ऑक्सिजन चुंबकाकडे ओढला जातो, आणि ठिपक्यांच्या आकृतीतून ते दिसत नाही. त्यासाठी रेणू कक्षकांचा सिद्धांत लागतो, तो तुम्हाला पुढे भेटेल.

एक शेवटचं उदाहरण सोडवा

कल्हईवाला तापलेल्या तांब्याच्या भांड्यावर पांढरी पूड टाकतो, पांढरा धूर उठतो, मग कथील फिरवतो. ती पूड नवसागर, म्हणजे अमोनिअम क्लोराइड. पेन्सिल घ्या आणि त्यातले सगळे बंध शोधा. पुढे वाचण्याआधी पाच मिनिटं द्या.

अमोनिअम आणि क्लोराइड या आयनांमध्ये आयनिक बंध. अमोनिअमच्या आत नायट्रोजन आणि हायड्रोजन यांच्यात चार सहसंयुज बंध. त्यांतला एक कोऑर्डिनेट रीतीने बनलेला, आणि आता चौघांत न ओळखता येणारा. क्लोराइडवर चार एकाकी जोड्या. खालच्या तांब्यात आणि वरच्या कथिलात धातू बंध. आणि धूर? तापल्यावर अमोनिअममधला एक हायड्रोजन, आयन होऊन, क्लोराइडकडे जातो. त्याच्या बंधाची जोडी नायट्रोजनपाशीच राहते आणि पुन्हा एकाकी होते. अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड हे दोन अदृश्य वायू सुटतात. हायड्रोजन क्लोराइड भांड्यावरचा ऑक्साइडचा थर साफ करतो, आणि उरलेले वायू भांड्यापासून थोडं वर, थंड हवेत, एकमेकांना भेटतात. तीच एकाकी जोडी पुन्हा त्या हायड्रोजनला धरते, आणि नवसागराचे बारीक कण पांढरा धूर होऊन दिसतात.